बाटलीतले शेवाळ आणि फांदीची कूज

मनीप्लांटची किंवा पुदिन्याची फांदी पाण्यात ठेवून मुळे फुटण्याची वाट पाहत असताना बाटलीत काहीही बिघडले, की ‘शेवाळ धरले’ असे आपण सरसकट म्हणतो. या एका शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात: एक खरे शेवाळ आणि दुसरी फांदीची कूज. दोन्हींमुळे पाणी गढूळते, दोन्ही हाताला बुळबुळीत लागतात आणि कित्येकदा एकाच बाटलीत नांदतात. मात्र एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

शेवाळ आपले अन्न स्वतः तयार करते आणि त्यासाठी त्याला उजेड व पाण्यात विरघळलेली थोडी खनिजे एवढेच लागते. त्यामुळे हिरवा थर बहुधा काचेच्या उजेडाकडच्या बाजूला आधी दिसतो. तो फांदीला खात नाही. फार दाट झाला, तर मुळांवर बसतो आणि रात्री पाण्यातल्या प्राणवायूत वाटेकरी होतो, इतकेच.

कूज मात्र फांदीवरच जगते. कापलेले टोक किंवा पाण्यात बुडालेले पान मरू लागले, की जिवाणू आणि बुरशीसारखे जीव त्यावर पोसतात, आणि त्यांना उजेडाची गरजच नसते. पाणी हिरवे न होता पांढरट गढूळ होते, टोक तपकिरी पडते आणि चिमटीत दाबल्यावर पिचते. शंका आली तर वास घ्यावा: शेवाळलेल्या पाण्याला फार तर तळ्याकाठचा मातकट वास येतो, तर कुजलेल्या पाण्याला फुलदाणीत आठवडाभर विसरलेल्या निशिगंधाच्या पाण्यासारखी दुर्गंधी येते. हिरव्या थराने माणसे घाबरतात आणि या पांढरट पाण्याकडे काणाडोळा करतात, हे माझ्या मते अगदी उलटे आहे.

शेवाळ टाळायचे तर उजेड अडवणे पुरेसे असते. बाटलीला काळा कागद किंवा अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळावी. पानांना मात्र उजेड हवाच, म्हणून आच्छादन पाण्याच्या पातळीपर्यंतच ठेवावे. तपकिरी बाटलीने शेवाळ मंदावते, पण थांबत नाही, कारण तिच्यातून काही उजेड आत येतोच. मुळे लवकर फुटावीत म्हणून पाण्यात खत घालणे हा तर शेवाळालाच खुराक आहे. मुळे नसलेल्या फांदीला त्याचा फारसा उपयोग नसतो.

कुजीवर अंधाराचा काहीही परिणाम होत नाही. तेथे धारदार, स्वच्छ पात्याने पेराच्या किंचित खाली काप घेणे, पाण्यात बुडणारी सगळी पाने काढणे आणि दोन-तीन दिवसांनी पाणी बदलणे हेच उपाय आहेत. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो (20 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साधारण साडेसात), त्यामुळे उन्हाळ्यात कूज अधिक वेगाने पसरते. टोक मऊ पडलेच, तर घट्ट हिरव्या भागापर्यंत कापून बाटली घासून घ्यावी. चाफ्यासारख्या चिकाच्या झाडांची फांदी तर पाण्यात ठेवूच नये. काप आठवडाभर सावलीत सुकवून ती थेट भुसभुशीत मातीत लावणे बरे.

पाणी बदलताना बाटली आतून घासण्याचा आणखी एक उपयोग आहे: डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीवर अंडी चिकटवतो आणि ती नुसते पाणी ओतून जात नाहीत.

शेवाळावरच्या उपायात एक मेख आहे. बाटली झाकली, की आत चाललेली कूज दिसेनाशी होते आणि पाने माना टाकतात तेव्हाच ती कळते. म्हणून कागद चिकटपट्टीने पक्का करण्यापेक्षा जुन्या गडद मोज्याचा पाऊल कापलेला भाग बाटलीवर चढवावा, म्हणजे तो खाली सरकवून रोज टोक पाहता येते.