पनामा कालव्याला दरवाजे कशासाठी?

‘दोन महासागरांची पातळी वेगळी, म्हणून पनामा कालव्याला दरवाजे’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

सरासरी पातळीत फरक आहे, पण जेमतेम 20 सेंटिमीटरचा. खरी अडचण मधल्या डोंगराची. तो समुद्रपातळीपर्यंत खणायचं काम 1881 मध्ये सुरू झालं. दरडी, हिवताप, पीतज्वर आणि संपलेला पैसा यांमुळे 1889 मध्ये थांबलं. पुढे चाग्रेस नदी अडवून सुमारे 26 मीटर उंचीवर गातून तलाव केला आणि 1914 मध्ये कालवा खुला झाला.

जहाज या तलावापर्यंत चढवायला आणि पलीकडे उतरवायला पायऱ्यांसारखे हौद आहेत, दरवाजे त्यांचेच. जहाज हौदात शिरतं, दरवाजे मिटतात, वरचं पाणी तळाच्या भोकांतून आत येतं. पंप लागत नाही. जुन्या हौदांतून एक जहाज पार व्हायला सुमारे 20 कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं, म्हणूनच पाऊस लांबला की जहाजं कमी सोडावी लागतात.

नकाशात पाहा: अटलांटिककडे गातूनला तीन पायऱ्या, पॅसिफिककडे पेद्रो मिगेलला एक, मिराफ्लोरेसला दोन. फक्त पातळीचाच फरक असता, तर जहाज चढवून पुन्हा उतरवलंच नसतं. सुएझही दोन समुद्र जोडतो, तिथे एकही दरवाजा नाही.

एक मात्र खरं: पॅसिफिकची भरती-ओहोटी मोठी, कधी सहा मीटरच्या आसपास; मिराफ्लोरेसचे समुद्राकडचे दरवाजे सर्वांत उंच आहेत ते त्यामुळे.