खापरावरचा मांडा आणि स्किनरचं कबूतर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी एक मैत्रीण माहेरी गेली होती. अमळनेर तालुक्यातलं गाव, अंगणात चूल, चुलीवर पालथं खापर. तिने हातांवर मांडा फिरवत फिरवत मोठा केला आणि खापरावर टाकला. माय शेजारणींकडे बघून म्हणाली, "बीएड झाली, पण हाताला वळण नाही. मी होते म्हणून शिकली तरी." मैत्रीण चाळिशीची, स्वतः शिक्षिका. रात्री फोनवर मला म्हणाली, "चार वर्षांपूर्वी माय म्हणाली होती, तुझा मांडा माझ्यापेक्षा पातळ झाला. एकदाच."

त्या 'एकदाच'मध्येच सगळी गोम आहे.

बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवरचे आपले प्रयोग १९५७ साली प्रसिद्ध केले. पेटीतली कळ चोचीने टोचली की दाणा. दर वेळी दाणा मिळणारं कबूतर, दाणा बंद झाला की लवकर नाद सोडतं. पण ज्याला कधी पाचव्या, कधी पन्नासाव्या टोचीला दाणा मिळत आलाय, ते दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ टोचत बसतं. कधीच कौतुक न करणारी आई एक वेळ परवडली, तिच्याकडून पोर आशा तरी सोडते. क्वचित करणारीपासून सुटका अवघड.

अशा आईला हल्ली सर्रास 'नार्सिसिस्ट', म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेली, म्हणतात. (काही जण 'स्वमग्न' लिहितात, पण स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, त्याचा इथे काही संबंध नाही.) अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली हा व्यक्तिमत्त्व विकार आपल्या निदानपुस्तिकेत घेतला. आजच्या निकषांत नऊ लक्षणं आहेत: स्वतःच्या मोठेपणाची अवास्तव कल्पना, कौतुकाची सततची भूक, दुसऱ्याच्या भावनांची कदर नसणं वगैरे. त्यांतली किमान पाच हवीत आणि निदान तज्ज्ञानेच करायचं. टोमणे मारणारी प्रत्येक माय त्यात बसत नाही. अर्थात निदानाचा कागद नसला म्हणून लेकीचा त्रास कमी होतो असंही नाही.

आता गोष्ट उलटी करून बघा. मायलाही दाणा लागतोच: लेकीचं रडणं, खुलासे देणं, रात्री अकराला फोन करून "चुकलं माझं" म्हणणं. लेकीने हे थांबवलं की मायचं वागणं निवळत नाही, आधी भडकतं. दाणा बंद झाल्यावर कबूतरही सुरुवातीला जास्त जोरात टोचतं. मग मावशीला फोन जातो, "पोरगी बदलली." मायच्या छातीत कळ येते. "तुले काय समजस?" होतं. पुष्कळ लेकी इथेच हरतात आणि सातव्या फोनला विरघळतात. मायला त्यातून एवढंच कळतं की सात फोन करावे लागतात. पुढच्या वेळी ती आठ करते. म्हणजे कधी नमायचं, कधी नाही, असं धरसोडीचं वागून लेकच मायला बेभरवशाच्या दाण्यावर ठेवत असते.

म्हणून जे पाळता येईल तेवढंच ठरवावं. 'मायशी बोलणारच नाही' हे आखाजीपर्यंतसुद्धा टिकत नाही. 'रविवारी एकच फोन, दहा मिनिटं' हे टिकतं. टोमण्याला खुलासा द्यायचा नाही, भांडायचंही नाही. कपाशीचा भाव विचारावा, तसं सपाट उत्तर द्यायचं.

माणूस काही कबूतर नाही, हेही खरं. छातीतली कळ खरी असू शकते, तेव्हा डॉक्टरकडे न्यायचंच. कुणी जीव द्यायची भाषा करत असेल किंवा घरात मारहाण असेल, तर ही युक्ती कामाची नाही. तिथे ताबडतोब मदत हवी. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

यंदा मैत्रीण आठ दिवसांऐवजी दोनच रात्री राहिली. माय म्हणाली, "जाड झाला मांडा." ही म्हणाली, "हो, झाला जाड," आणि पुढचा गोळा हातावर घेतला. माय थोडा वेळ थांबली. मग पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने.