वारस दाखला की सक्सेशन सर्टिफिकेट, आणि अर्ज नेमका कुठल्या कोर्टात?

घरातलं कुणी गेलं, बँकवाला म्हणतो "कोर्टाचं आणा", की लोक सरळ जिल्हा कोर्टात धावतात. आधी काय हवंय ते बघा. एफडी, खात्यातले पैसे, शेअर्स असतील तर सक्सेशन सर्टिफिकेट (म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्र), १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली. घर-जमिनीला ते चालत नाही, तिथे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनचा वारस दाखला लागतो (हो, कंपनी सरकारच्या काळातला कायदा, अजून चालू आहे). आणि नुसतं सातबाऱ्यावर नाव लावायचंय, भांडण काही नाही, तर कोर्टात जाऊच नका, मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या.

आता कोर्ट. तालुक्याला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, बहुतेक ठिकाणी तेच प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी पण असतात, त्यांच्या वर वरिष्ठ स्तर, आणि जिल्ह्याला प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश. कायद्यात "जिल्हा न्यायाधीश" लिहिलंय, पण अधिकार खालीही देता येतात, त्यामुळे बऱ्याच जिल्ह्यांत हे अर्ज वरिष्ठ स्तराकडेच चालतात. वरिष्ठ स्तर कोर्ट प्रत्येक तालुक्यात नसतं, तेव्हा फायलिंगच्या खिडकीवर आधी विचारा. मुंबई शहराचं वेगळंच, तिथे हायकोर्ट.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे: माणूस राहायचा बार्शीला, वारला पुण्याच्या दवाखान्यात, मृत्यू दाखला पुणे महापालिकेचा, म्हणून अर्ज पुण्यात टाकला. चूक! बघितलं जातं ते मृत्यूच्या वेळी तो कायम कुठे राहत होता ते. मग काही महिन्यांनी अर्ज योग्य कोर्टात दाखल करा म्हणून परत येतो आणि तारखा पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मयताचं रेशनकार्ड, आधार, लाईटबिल फेकू नका हो, वारसांचे कागद सगळे आणतात आणि मयताच्या पत्त्याचाच पुरावा कुणाकडे नसतो.

दुसरं, वारसांची यादी. लग्न झालेली बहीण (म्हणजे मयताची मुलगी) गाळतात, आणि हिंदू पुरुष गेला असेल तर त्याची आई हयात असताना तिचं नाव हमखास विसरतात, ती पहिल्या वर्गातली वारस आहे. लपवलंत तर मिळालेलं सर्टिफिकेटही रद्द होऊ शकतं. पासबुकावर रामभाऊ आणि मृत्यू दाखल्यावर रामचंद्र असेल तर दोन्ही एकच माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा.

बाकी वकीलपत्र, कोर्ट फी, पेपरात जाहीर नोटीस, हे वकील करतातच. फक्त १६ अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळतो तो वेगळा क्रमांक) मागून घ्या, ईकोर्ट्स ॲपवर तारीख घरबसल्या दिसते.