वाडा (शब्दार्थ व व्युत्पत्ती)

वाडा म्हणजे कुंपणाने किंवा भिंतीने बंदिस्त केलेली जागा. त्यावरून, आत चौक असलेले मोठे घर. मुळात संस्कृत ‘वाट’ हा पुल्लिंगी शब्द कुंपण आणि कुंपणाने वेढलेली जागा या दोन्ही अर्थांनी येतो. यज्ञासाठी राखलेल्या जागेला ‘यज्ञवाट’ म्हणत. प्राकृतात दोन स्वरांमधल्या ‘ट’चा ‘ड’ झाला आणि त्यातून ‘वाडा’ आला. ‘वाटिका’ची ‘वाडी’ झाली तीही याच रीतीने. रामायणातली अशोकवाटिका आणि कोकणातली नारळीपोफळीची वाडी ही एकाच शब्दाची रूपे. रस्ता या अर्थाची मराठी ‘वाट’ मात्र निराळ्या कुळातली. ती संस्कृत ‘वर्त्म’, प्राकृत ‘वट्ट’ या मार्गाने आली आणि जोडाक्षरामुळे तिचा ‘ट’ टिकला.

मराठी वाचकाला वाडा म्हटल्यावर दिंडी दरवाजा, ओसरी, चौक आणि पुण्याचा शनिवारवाडा (बांधकाम १७३०–३२) आठवतो. पण शब्दाचा गाभा घरात नसून कुंपणात आहे, हे खेड्यातल्या वापरावरून कळते. गुरांचा वाडा असतो, एका व्यवसायाच्या लोकांची वस्ती कुंभारवाडा होते, आणि मेंढरे घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगर कुटुंबांच्या तांड्यालाही वाडाच म्हणतात. हा वाडा दगडमातीचा नसतो. चारा संपला की तो पुढच्या शिवारात जातो. इंदूरच्या होळकर राज्याचे संस्थापक मल्हारराव होळकर धनगर कुटुंबात जन्मले. फिरत्या वाड्याच्या परंपरेतल्या या घराण्याने माळव्यात सात मजली राजवाडा उभारावा, ही या शब्दाच्या इतिहासातली सर्वांत मोठी झेप वाटते.

त्या राजवाड्याचे बांधकाम १७४७ मध्ये सुरू झाले. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीतल्या आगीत त्याची मोठी हानी झाली आणि पुढे पुन्हा उभारणी झाली. इंदुरात ‘राजवाडा’ हे आता इमारतीइतकेच भोवतालच्या बाजारपेठेचेही नाव आहे. ‘राजवाड्यावर जाऊन येतो’ म्हणणारा मराठी माणूस बहुधा खरेदीला निघालेला असतो. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, इथूनच जाते आणि क्रिकेटचा सामना जिंकल्यावर सारे शहर इथेच लोटते.

याच जागेला हिंदीत ‘राजवाड़ा’ आणि ‘राजबाड़ा’ अशी दोन्ही रूपे चालतात. शब्दारंभीच्या ‘व’चा हिंदीत पुष्कळदा ‘ब’ होतो, मराठी-गुजरातीत ‘व’ राहतो: वाघ आणि बाघ, वीस आणि बीस. त्यामुळे ‘राजबाड़ा’ला अशुद्ध ठरवणे योग्य नाही, तो हिंदीच्या स्वतःच्या ध्वनिनियमाने घडलेला शब्द आहे. हिंदीत ‘बाड़’ म्हणजे कुंपण, ‘बाड़ा’ म्हणजे गुरांचे आवार. आमदार फुटू नयेत म्हणून त्यांना एका ठिकाणी डांबून ठेवतात, त्याला हिंदी वृत्तपत्रे ‘बाड़ेबंदी’ म्हणतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला ‘महाराज बाडा’ हा तर इमारतींनी वेढलेला चौकच आहे. बंगालीत ‘बाड़ी’ म्हणजे साधे राहते घर, आणि राजाच्या प्रासादाला तिकडे ‘राजबाड़ी’ म्हणतात. तेलुगूत ‘वाड’ म्हणजे वस्ती किंवा गल्ली.

गुजरातीने मूळ अर्थ सर्वांत जवळून सांभाळला आहे. ‘वाड’ म्हणजे कुंपण, ‘वाडो’ म्हणजे घरामागची मोकळी जागा, ‘वाडी’ म्हणजे बागायत आणि लग्नकार्याची जागासुद्धा. पंथापंथांतल्या गटबाजीला ‘वाडाबंधी’ म्हणतात. ‘वाड ज चीभडां गळे’ ही तिथली म्हण म्हणजे आपली ‘कुंपणानेच शेत खाल्ले’.

बडोद्याचे गुजराती नाव ‘वडोदरा’ या कुळातले नाही. ते वडाच्या झाडावरून, म्हणजे ‘वट’वरून आले, इ. स. ८१२ च्या ताम्रपटात गावाचा उल्लेख ‘वटपद्रक’ या रूपाने येतो. इथे ध्वनीची बाजूही उलटते: गुजराती ‘व’ ठेवतो, तर मराठी माणूस ‘बडोदे’ म्हणतो. त्या शहराच्या जुन्या भागातल्या ‘वाडी’ या वस्तीच्या नावात मात्र ‘वाटिका’च आहे.