डायनॅस्टी आणि हाउस: शिलाहारांच्या आधारे एक उलगडा

मध्ययुगीन राजघराणे पिढ्यान्‌पिढ्या चालवण्याचा ‘क्रुसेडर किंग्ज ३’ हा संगणकीय खेळ खेळताना डायनॅस्टी आणि हाउस यांची गल्लत होते, कारण आरंभी अनेकदा एका डायनॅस्टीत एकच हाउस असते. फरक कळतो तो शाखा फुटल्यावर, आणि कोकणातल्या वाचकाला तो समजावून घेण्यासाठी शिलाहारांइतके चोख उदाहरण दुसरे मिळणार नाही.

उत्तर कोकणात ठाण्याचे, दक्षिण कोकणातले आणि घाटावर कोल्हापूरचे असे शिलाहार तीन ठिकाणी राज्य करत होते, आणि तिन्ही शाखा स्वतःला विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज म्हणवत. खेळाच्या हिशेबाने जीमूतवाहनाचा हा सगळा विस्तार म्हणजे डायनॅस्टी, तर यांतली प्रत्येक शाखा म्हणजे एक हाउस. शके ९३० (इ.स. १००८) मधल्या खारेपाटण ताम्रपटात सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत जी वंशावळ येते, ती दक्षिण कोकणच्या हाउसची.

प्रत्येक हाउसला स्वतःचा प्रमुख, ब्रीदवाक्य आणि राजचिन्ह असते. डायनॅस्टीचे प्रमुखपद मात्र ज्या हाउसप्रमुखाचे लष्करी बळ सर्वांत मोठे, त्याच्याकडे जाते, आणि रिनाउन (वंशाच्या कीर्तीचे गुण) खर्चून लेगसी, म्हणजे साऱ्या वंशाला मिळणारे कायमचे लाभ, निवडण्याचा अधिकार त्याचाच. आपल्याच धाकट्या शाखेने बळ वाढवले, तर आपण पिढ्यान्‌पिढ्या साठवलेले रिनाउन तिच्या मर्जीने खर्च होते. नव्या खेळाडूंना हे फार उशिरा उमगते.

रिनाउन डायनॅस्टीच्या खात्यात जमा होते, आणि त्यात राज्य करणाऱ्या सदस्यांचा वाटा मोठा असतो. परंतु जो सदस्य आपल्याच वंशातल्या राजाचा मांडलिक आहे, त्याची यात गणना होत नाही. म्हणून धाकट्या भावाला आपल्या हाताखाली जहागीर दिली तर सैन्य वाढते, रिनाउन नाही. त्याला परक्या अधिराजाच्या छत्राखाली किंवा स्वतंत्र गादीवर बसवले तर मात्र वाढते. माझ्या मते सारे कोकण एका हाउसखाली आणण्याचा हट्ट याच कारणाने तोट्याचा आहे.

टिकण्याचे गणितही डायनॅस्टीवरच बेतलेले आहे. दक्षिण कोकणच्या शिलाहारांची सत्ता अकराव्या शतकात संपली, पण कोल्हापुरात भोज दुसरा आणि उत्तर कोकणात सोमेश्वर यांच्यापर्यंत, म्हणजे तेराव्या शतकातल्या यादवांच्या विजयापर्यंत, वंशाची सत्ता चालू राहिली. खेळातही वारस दुसऱ्या हाउसचा पण त्याच डायनॅस्टीचा असेल, तर डाव पुढे चालतो. मुलगी वारस असेल तर तिचा विवाह मातृवंशीय पद्धतीनेच करावा, कारण साध्या विवाहातली मुले वडिलांच्या हाउसची होतात आणि त्याबरोबर डायनॅस्टीही बदलते.