स्वर्ल मार्क : मोटारीच्या रंगावरचे बारीक चरे व ते घरी काढण्याची रीत

काळ्या किंवा गडद रंगाच्या गाडीच्या बॉनेटवर ऊन पडले की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसतात, त्यांना स्वर्ल मार्क म्हणतात. सावलीत तीच गाडी नवी वाटते. फडके गोल फिरवल्यामुळे हे चरे पडतात, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात ते सगळ्या दिशांना पसरलेले असतात. त्यांतले प्रकाशाला आडवे असलेले तेवढे चमकतात आणि वर्तुळाचा भास होतो. आपण जागा बदलली की वर्तुळही सरकते.

आजच्या बहुतेक गाड्यांना पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे एक-दोन केसांच्या जाडीएवढे. त्यात क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन. हलके चरे याच थराच्या वरच्या काही मायक्रॉनांत असतात. पॉलिश चरा भरत नाही, तर त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणते. घासलेला थर पुन्हा येत नाही आणि उन्हापासून रंगाचे रक्षणही तोच करतो. म्हणून कमीत कमी घासून थांबणे हेच खरे कौशल्य. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने काढायच्या भरीस पडू नये.

चरे पडतात ते धुळीमुळे. धुळीतले वाळूचे कण क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरड्या फडक्याखाली ते पॉलिश पेपरसारखे काम करतात. शहरातल्या सोसायट्यांत रोज सकाळी एकाच बादलीत, एकाच फडक्याने ओळीने गाड्या पुसल्या जातात. यात पुसणाऱ्याला बोल लावणे अन्यायाचे आहे. एका बादलीत धूळ जाणार कुठे?

काम सावलीत आणि पत्रा गार असताना करावे. आधी पाण्याच्या फवाऱ्याने धूळ उतरवून शाम्पूने धुवावे. त्यासाठी दोन बादल्या हव्यात: एक शाम्पूची, दुसरी गाडी धुण्याचा हातमोजा खळबळण्याची. धुतल्यावरही हाताला खरखर लागली, तर पत्रा ओला ठेवून क्ले बार, म्हणजे चिकटलेले कण ओढून घेणारी मातीसारखी मऊ वडी, हलकेच फिरवावा. मग रबरी पट्ट्या, प्लास्टिकचे भाग आणि दारांच्या कडा मास्किंग टेपने झाकाव्यात. कडांवर रंगाचा थर पातळ असतो. घाईत तिथेच प्रायमर उघडा पडतो.

हाताने पॉलिश करता येते, पण दमछाक होऊनही चरे पुरते जात नाहीत. नवख्याने ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घ्यावे. त्याचे पॅड फिरता फिरता हेलकावतेही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. गॅरेजमधले नुसते गोल फिरणारे बफिंग मशीन नवख्याच्या हाती रंग जाळू शकते, शिवाय स्वतःच्या लाटांसारख्या खुणा सोडते. मऊ फोम पॅडवर बारीक पॉलिशचे चार-पाच थेंब पुरतात. दीड-दोन फुटांचा चौकोन घेऊन पॅड सपाट ठेवावे आणि आडव्या-उभ्या, निम्म्याने एकमेकांवर येणाऱ्या पट्ट्यांत सावकाश न्यावे. मशीन पत्र्यावर टेकवल्यावरच सुरू करावे, नाहीतर पॉलिशचे शिंतोडे भिंतीपर्यंत उडतात.

पहिल्या चौकोनापाशी थांबून परीक्षा करावी, हा टप्पा कधीही गाळू नये. काही पॉलिशमधले तेल चऱ्यांत बसून त्यांना झाकते आणि काही धुण्यांनंतर चरे पुन्हा दिसू लागतात. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसून मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की खरे ते कळते. चरे राहिले असतील तर आणखी एक फेरी. त्यानेही भागले नाही तरच किंचित जहाल पॅड किंवा पॉलिश. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या गाडीत पॅडवर गाडीचाच रंग उतरतो. तिथे हात आणखी हलका ठेवावा.

शेवटी मेण किंवा सीलंट, म्हणजे मेणासारखाच कृत्रिम संरक्षक लेप, लावतात. त्याने पाणी निथळते आणि धूळ सहज सुटते, पण कोरड्या फडक्यापासून बचाव होत नाही. पुढे गाडी पुसताना मायक्रोफायबरचे मऊ फडके ओले असावे, आणि ते एकदा जमिनीवर पडले तर धुतल्याशिवाय रंगाला लावू नये.