विंका नसलेली विंका : सदाफुलीच्या औषधांमागचा इतिहास

रक्ताच्या कर्करोगावर दिले जाणारे व्हिन्क्रिस्टिन आणि त्याचे भावंड व्हिनब्लास्टिन यांचा गट जगभर ‘विंका अल्कलॉइड’ (अल्कलॉइड म्हणजे वनस्पतींतली नायट्रोजनयुक्त, शरीरावर परिणाम करणारी रसायने) म्हणून ओळखला जातो. दोन्ही औषधे आली आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून. आणि सदाफुली ही विंका नव्हे.

हा घोळ अठराव्या शतकातला. मादागास्करचे बी पॅरिस आणि लंडनच्या बागांत नुकते रुजले होते, तेव्हा १७५९ मध्ये वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने या झाडाला ‘विंका रोझिया’ म्हटले. युरोपातल्या रानात जमिनीलगत पसरणारी निळ्या फुलांची विंका तिकडच्यांच्या रोजच्या पाहण्यातली. फुलाची ठेवण तशीच दिसली, म्हणून ही गुलाबी विंका. १८२८ मध्ये कोणीतरी तिला वेगळी काढून ‘लॉक्नेरा’ नावाची नवी प्रजाती (जवळच्या जातींचा गट) केली. पण ते नाव आधीच दुसऱ्या एका वनस्पतीला देऊन झाले होते, त्यामुळे नियमाने बाद ठरले. त्यानंतरचे ‘कॅथरँथस’ (ग्रीकमध्ये ‘शुद्ध फूल’) तेवढे टिकले, तेही बराच काळ कागदावरच. विसाव्या शतकाच्या मध्यातही कोणी विंका लिहीत होते, कोणी लॉक्नेरा. शेवटी १९६६ मध्ये ‘कॅथरँथस रोझियस हेच योग्य नाव’ असे बजावणारा लेख एका वनस्पतितज्ज्ञाला लिहावा लागला. तोवर औषधे रुग्णालयात पोचून त्यांचे बारसेही झाले होते.

ही नुसती पंडिती कीस काढण्याची गोष्ट नाही. खऱ्या विंकाचे स्वतःचे रसायन आहे. युरोपातल्या विंका मायनरमधून व्हिन्कामिन मिळते आणि त्यात फेरफार करून हंगेरीत व्हिनपोसेटिन तयार झाले. दोन्हींचा वापर मेंदूच्या रक्तपुरवठ्यासाठी केला गेला. कर्करोगाशी त्यांचा संबंध नाही. त्यामुळे ‘विंका’ म्हणून शोधणाऱ्याला स्मरणशक्तीपासून रक्ताच्या कर्करोगापर्यंत सगळे गुण एकाच झाडाच्या नावावर सापडतात. आपल्या नर्सरीतही संकरित सदाफुलीची रोपे ‘विंका’ म्हणूनच विकली जातात. संस्कृतची वाट धरावी तर तिथेही फसगत आहे. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात ‘सदापुष्प’ हा शब्द येतो, पण तो पांढऱ्या रुईसाठी. मादागास्करहून आलेले झाड चरक-सुश्रुतांना माहीत असण्याचे कारणच नव्हते. तरीही ‘आयुर्वेदातील प्राचीन सदापुष्पी’ अशी जाहिरात अधूनमधून दिसते.

कॅथरँथस प्रजातीत आठ जाती. सात मूळच्या मादागास्करच्या. आठवी, कॅथरँथस पुसिलस, भारत आणि श्रीलंकेची : बारीक पांढऱ्या फुलांची, शेतात नि पडीक जमिनीत तणासारखी उगवणारी. रसायनशास्त्राचे जवळजवळ सगळे लक्ष मात्र एकट्या रोझियसने खाल्ले.

त्याला कारण मधुमेह. जमैकात, फिलिपीन्समध्ये आणि इतरत्रही सदाफुलीच्या पानांचा काढा साखरेवर घेत. १९५२ मध्ये जमैकातल्या एका रुग्णाने पंचवीसेक पाने पाकिटात घालून कॅनडातल्या आपल्या डॉक्टरांना पाठवली. त्यांनी ती विद्यापीठात संशोधन करणाऱ्या भावाकडे दिली. उंदरांना अर्क पाजला, साखर हलली नाही. टोचून दिला, तेव्हा आठवड्याभरात उंदीर जंतुसंसर्गाने मेले. पाहिले तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरलेल्या आणि त्या तयार करणारी अस्थिमज्जा दबलेली. मधुमेहाचा धागा तिथेच सुटला आणि दुसराच हाती लागला : पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रोगात हेच विष कामाला येईल का? १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिनची माहिती प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास अमेरिकेतली एक औषध कंपनीही फिलिपीन्सच्या लोकोपचाराचा माग काढत स्वतंत्रपणे तिथेच पोचली होती. १९६३ मध्ये व्हिन्क्रिस्टिनला अमेरिकेत मान्यता मिळाली.

आपल्याकडे मात्र गोष्ट अजून पहिल्याच पानावर अडकली आहे. ‘अनोशा पोटी चार पाने चावा, साखर उतरेल’ हा सल्ला आजही चालतो. ज्या पानांनी उंदरांची मज्जा दबली, ती हीच पाने.

झाडात शंभराहून अधिक अल्कलॉइड आहेत. मुळांत अजमॅलिसिन आणि सर्पेंटिन, ही सर्पगंधेतही सापडतात; सर्पगंधा याच कुळातली, त्यामुळे हे नातेही उघड आहे. पानांत व्हिन्डोलिन आणि कॅथरँथिन मुबलक, पण दोन्ही जोडून होणारे व्हिनब्लास्टिन अत्यल्प. ग्रॅमभर व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळकी पाने लागतात असे सांगतात. एवढी कंजुषी का? कॅथरँथिन पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणात जाऊन बसते, व्हिन्डोलिन आतल्या पेशींत राहते. दोघांची गाठच पडत नाही. व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन यांच्या रेणूंत एका मिथिल गटाच्या जागी फॉर्मिल गट (अणूंचे छोटे पुंजके) एवढाच फरक आहे. दोन्ही ट्यूब्युलिन या पेशीतल्या प्रथिनाला चिकटून पेशीचे विभाजन रोखतात. तरी व्हिनब्लास्टिन मज्जेला जास्त जाचते, तर व्हिन्क्रिस्टिन चेतातंतूंना.

‘सदाफुलीने लहान मुलांचा कर्करोग बरा केला’ हे वाक्य फार सैल आहे. व्हिन्क्रिस्टिन त्या उपचाराचा कणा आहे, पण एकट्याने ते फार काळ पुरत नाही. यश मिळाले ते अनेक औषधे एकत्र दिल्यावर. जैवचोरीच्या, म्हणजे एखाद्या प्रदेशाची वनस्पती वापरून त्याला वाटा न देण्याच्या, वादातही या झाडाचे उदाहरण हमखास येते. मादागास्करला नफ्यातला वाटा मिळाला नाही हे खरेच. पण पाने आली जमैकातून आणि झाड दोनेकशे वर्षांपूर्वीच साऱ्या उष्ण प्रदेशात पसरले होते. शिवाय असा वाटा देण्याचे तत्त्व मांडणारा आंतरराष्ट्रीय जैवविविधता करार व्हायला १९९२ साल उजाडले. मग वाटा कोणाचा धरायचा?

भारतात १९८० च्या दशकात पुण्यातली राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि मुंबईची एक कंपनी यांनी मिळून ही दोन्ही औषधे देशी तंत्राने बनवली. फ्रान्समध्ये याच रेणूच्या साच्यात बदल करून व्हिनोरेल्बिन हे कर्करोगावरचे औषध निघाले. २०१९ मध्ये अमेरिकेत एका उत्पादकाने हात आखडता घेताच व्हिन्क्रिस्टिनचा तुटवडा पडला आणि मुलांच्या डॉक्टरांना मात्रांचे हिशेब करावे लागले. दरम्यान २०१८ मध्ये झाड व्हिनब्लास्टिन कसे घडवते त्याची साखळी पूर्ण उलगडली. २०२२ मध्ये जनुके बदललेल्या यीस्टने व्हिन्डोलिन आणि कॅथरँथिन बनवून दाखवले. त्यांची जोडणी मात्र अजून प्रयोगशाळेतल्या काचपात्रात, माणसाच्या हाताने करावी लागली.